जोडायची शेकोटी

आदिनाथनं पुण्याहून शेकोटी पाठवली, आणि तीही खोक्यांत भरून. युवराजला हे कळलं तेव्हा तो बीडच्या बसस्थानकात नियंत्रण कक्षातल्या माइकसमोर बसला होता आणि नांदूरघाटला जाणारी गाडी फलाटाला लागल्याचं सांगत होता. टेबलावर मोबाइल थरथरला. 'दादा, आईसाठी इलेक्ट्रिक फायरप्लेस पाठवलाय. धूर नाही, राख नाही. सुटे भाग येतील, घरच्या घरी जोडायचे. अर्ध्या तासाचं काम.' युवराजनं ते वाचलं आणि माइक चालू आहे हे विसरून एक लांबलचक सुस्कारा सोडला. तो सुस्कारा सगळ्या फलाटांवरून फिरला, रसवंतीपर्यंत गेला, शौचालयासमोरच्या रांगेतही ऐकू आला. एक म्हातारा धोतराचा सोगा सावरत खिडकीशी आला. 'सायेब, नांदूरघाटची गाडी रद्द झाली का?' 'न्हाई झाली. लागलीय, बसा.' 'मग तुमी आसं कावून केलं?'  युवराजनं पुन्हा बटण दाबलं आणि तीच घोषणा पहिल्यापासून केली. आपलं गाव, आपल्याच तोंडून, दिवसातून कितीतरी वेळा, अशा आवाजात की जणू आपला त्या गावाशी काही संबंध नाही. नोकरीच तशी होती. गाड्या सोडायच्या आणि खुर्चीवर बसून राहायचं.

अर्ध्या तासाचं काम. आदिनाथच्या तोंडी कुठलंही काम अर्ध्या तासाचंच असायचं, कारण ते दुसऱ्यानं करायचं असायचं. धाकटा भाऊ पुण्यात मोठ्या कंपनीत होता. आईवर त्याचा जीव होता याबद्दल युवराजला शंका नव्हती, पण तो जीव कुरिअरनं यायचा. आधी पोटऱ्या चोळायचं यंत्र आलं. ते सुरू केल्याबरोबर दगडाबाईनं 'डसतंय' म्हणून जे बाजूला सारलं ते पलंगाखाली गेलं ते गेलंच. मग वेळ बोलून सांगणारं घड्याळ आलं. ते दर तासाला इंग्रजीत बोलायचं आणि दगडाबाई दर तासाला त्याला 'बरं बाबा' म्हणायची. वस्तू आली की युवराजनं ती उघडायची, जोडायची, भिंतीला भोक पाडायचं, मग आईला तिच्याशेजारी बसवून व्हिडिओ काढायचा आणि पुण्याला पाठवायचा. त्यावर आदिनाथ जोडलेल्या हातांचं चित्र पाठवायचा. ते हात बघितले की युवराजच्या कपाळाची शीर उडायची. इतके हात जोडतोस तर एकदा त्याच हातांत स्क्रू ड्रायव्हर घेऊन ये की बाबा, असं त्याला लिहावंसं वाटायचं. लिहायचा मात्र 'मिळालं'. कारण लिहिलं असतं तर आदिनाथ दुखावला असता, दुखावून आणखी काहीतरी पाठवलं असतं, आणि तेही जोडावंच लागलं असतं.

शेकोटीची गोष्ट खरं तर हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. बाप, आश्रुबा, वारल्यापासून दगडाबाई नांदूरघाटला एकटी राहायची. मागच्या हिवाळ्यात एका पहाटे अंगणात जाळ करून ती शेजारच्या छबुबाईशी बोलत बसली होती. बोलता बोलता तीच म्हणाली, 'कुणाची चप्पल जळतीय बघ की गं.' चप्पल नव्हती. तिचा डावा पाय होता. साखरेनं तिचे पाय कधीचे बधिर झाले होते आणि ते कुणालाच माहीत नव्हतं, बहुधा तिलाही नव्हतं. उन्हातान्हात, चिखलात, उसाच्या पाचटात ती आयुष्यभर त्याच पायांवर उभी राहिली. पाय काही बोलायचे बंद झाले तर तिला ते बरंच वाटलं असेल. छबुबाईनं सांगितलेली ती चपलेची गोष्ट युवराजच्या डोक्यातून जात नव्हती. माइकवर बोलताना मध्येच कुठूनतरी रबर जळल्याचा वास यायचा आणि तो खिडकीतून बाहेर बघायचा. जखम भरायला उन्हाळा लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता या पायाला पुन्हा जखम झाली तर पाऊल कापावं लागेल. तेव्हापासून दगडाबाई बीडला, युवराजच्या धानोरा रोडवरच्या फ्लॅटमध्ये होती, आणि आल्या दिवसापासून म्हणत होती, मला गावाला सोड. युवराज म्हणायचा, तुझा पाय. ती म्हणायची, दिवाळी झाली की सोड. तो म्हणायचा, तुझा पाय. दिवाळी झाली. आता ती म्हणत होती, संक्रांत झाली की मी ऱ्हात न्हाई. त्यात थंडी पडताच तिनं गच्चीवर घमेल्यात पुठ्ठे पेटवले, खालच्या मजल्यावरचे अर्जुनराव वाळत घातलेला शर्ट हातात धरून दारात आले आणि शर्ट युवराजच्या नाकाशी नेऊन म्हणाले, 'बघा वास.' युवराजनं बघितला. धुराचा वास होता, आणि अर्जुनरावांसमोर त्याला तो वास आवडला, याचा त्याला स्वतःचाच राग आला. तो राग मग आईवर निघाला. 'पाय पाहिजे का न्हाई तुला?' असं तो तिला दोन-दोनदा म्हणाला. ती घमेलं घासत बसली.

खोकी आली ती लिफ्ट बंद असलेल्या दिवशी आली. बाहेरून एवढाली होती की त्याच्या बायकोला, धनश्रीला, वाटलं नवं कपाट आलं. आतून निघाल्या फळ्या, पट्ट्या, काळी काच, लाकडाचे बोटाएवढे खुंटे, प्लॅस्टिकचे ओंडके आणि स्क्रूंच्या पुड्याच पुड्या. ओंडके इतके हुबेहूब होते की दगडाबाईनं एक हातात घेऊन वाजवला आणि 'पोकळ हाय' म्हणून खाली ठेवला. माहितीपत्रकात एक अक्षर नव्हतं, नुसती चित्रं. पहिल्याच चित्रात एक टकला माणूस एकटाच फळी उचलत होता आणि त्याच्यावर मोठी फुली मारलेली होती. शेजारी तसलेच दोघे टकले हसत हसत ती फळी उचलत होते. युवराजनं घरात बघितलं. दुसरा टकला पुण्याला होता. त्यानं धनश्रीला हाक मारली. तव्यावर भाकरी होती, ती आतूनच म्हणाली, 'अहो, तुमचं कुठवर आलंय ते बघा आधी, मग बोलवा.' कुठवर येणार? कुठलीच फळी दुसऱ्या फळीला ओळखत नव्हती. साप्ताहिक सुट्टीचा एक दिवस, आठवडाभर लोकांच्या गाड्या कुठं लागल्या ते सांगून झाल्यावरचा एक दिवस, आणि तो फरशीवर गुडघे टेकून खुंटा कुठल्या भोकात जातो ते शोधत होता. दगडाबाई दिवाणावर पाय खाली सोडून बसली होती. तिच्या पायांत आदिनाथनंच पाठवलेले लोकरीचे मोजे होते. ती काही सांगत नव्हती, विचारत नव्हती. फक्त एकदा म्हणाली, 'हे काय व्हनार हाय?' 'शेकोटी.' 'फळ्यांची?' 'व्हय.' 'जळायच्या न्हाईत का त्या?' 'न्हाई जळायच्या, माय. जरा गप बस.' ती गप्प बसली. ती गप्प बसली याचंही त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्क्रू वाकडा गेला.

तिचं हे गप्प बसणं त्याला सोसत नव्हतं. या घरात आल्यापासून ती विचारलं तेवढंच बोलायची. जेवलीस का, जेवले. झोप लागली का, लागली. आणि हीच बाई शेकोटीपुढं कशी बोलायची ते त्यानं ऐकलेलं होतं. ऊसतोडीला गेल्यावर कारखान्याच्या तळावर आई-बाप बांबूच्या चटयांची कोपी उभी करायचे. तो आणि आदिनाथ बैलांजवळ उभे राहून बघायचे. बाप एक कामटी वाकवायचा, आई दुसरं टोक धरायची, चटई टाकायची, सुतळी ओढायची, आणि अंधार पडेपर्यंत घर झालेलं असायचं. पहाटे गाडीवानांच्या हाका सुरू व्हायच्या आधी कोपीसमोर पाचटाचा जाळ व्हायचा. पाचट भस्सदिशी पेटायचं आणि लगेच खाली बसायचं, म्हणून कुणीतरी सारखं टाकत राहायला लागायचं, आणि ते टाकता टाकता आई बोलायची. दिवसभर फडात जिच्या तोंडातून शब्द निघायचा नाही ती तिथं मुकादमाची नक्कल करायची, माहेरच्या म्हशीला नावं ठेवायची, कुणाच्या लग्नात वरात कशी वाट चुकली ते सांगायची, आणि भोवती बसलेली माणसं धुरानं आणि हसण्यानं डोळे पुसायची. भोवती, हे महत्त्वाचं होतं. सगळीकडून माणसं बसलेली असायची, प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसायचं. तिच्या मांडीला टेकून तो अर्धवट झोपेत ऐकायचा. समोरून गाल भाजायचे आणि पाठ गार पडलेली असायची. पुढं तो शाळेसाठी केजच्या वसतिगृहात राहिला, नोकरीला लागला, लग्न झालं, धनश्री आली; आई तशी बोलताना त्यानं पुन्हा ऐकली नाही. आदिनाथ तेव्हा फार लहान होता, त्याला त्यातलं काही आठवत असेल का कोण जाणे. त्याला एवढंच ठाऊक होतं की आई शेकोटी मागते. आणि युवराजच्या हातात आता जी फळी होती तिला एकच तोंड होतं. ती भिंतीला लागणार होती. हिच्याभोवती माणसं बसणार कशी, हा प्रश्न त्या टकल्यांना पडलेला दिसत नव्हता.

दुपारी आदिनाथचा व्हिडिओ कॉल आला. युवराजनं मोबाइल खुर्चीवर टेकवून ठेवला. 'दादा, ती डावी बाजू उलटी लावलीस,' आदिनाथ म्हणाला. युवराजनं बघितलं. उलटी होती. म्हणजे वरची फळी काढायची, तिच्याखालची काढायची, काच काढायची. 'तुला तिथून दिसलं, मला इथून न्हाई दिसलं,' युवराज म्हणाला, आणि यात टोमणा होता तो आदिनाथला कळला नाही. 'दिसतं रे, थोडं लांबून बघितलं की दिसतं,' तो म्हणाला. 'आई, कशी वाटतीय शेकोटी?' दगडाबाई मोबाइलच्या दिशेनं, पण जरा बाजूला बघत म्हणाली, 'चालू हाय काम. तू जेवलास का?' आदिनाथ जेवला होता. सगळे नेहमी जेवलेलेच असायचे. युवराज मात्र जेवला नव्हता. इंग्रजी एल अक्षरासारखी वाकडी चावी फिरवून त्याच्या तळहाताला फोड आला होता, आणि धनश्री दोनदा ताट वाढून दोनदा झाकून गेली होती. त्यानं सगळं सोडलं आणि पुन्हा जोडलं. फळ्या बसत गेल्या. एकदा बसायला लागल्यावर अशा बसत गेल्या की त्याला आणखीच चीड आली. एवढं सोपं होतं तर सकाळपासून काय चाललं होतं?

दिवेलागणीला ती उभी राहिली. चांगली कमरेएवढी, पांढरी, दोन बाजूंना खांबांसारख्या पट्ट्या, मधे काळी काच, वर रुंद गुळगुळीत फळी. युवराजनं बटण दाबलं. काचेआड ओंडके तांबूस झाले, त्यांच्यामधून ज्वाळा वर आल्या, आणि तड तड असा आवाजही निघाला. खालच्या जाळीतून गरम वारा येऊ लागला. मऊ गरम, त्यानं हात धरून बघितला, कुणाचा पाय भाजेल असा नव्हे. धनश्री ओले हात पुसत आली, बघतच राहिली, मग आत जाऊन हळदीकुंकू घेऊन आली. फ्रिज आला तेव्हा लावलं होतं, मोटारसायकल आली तेव्हा लावलं होतं, तेव्हा हिला का नको. खांबाला बोट लागलं, वरच्या फळीवर झेंडूचं फूल ठेवलं गेलं. युवराजनं आईचं बसकर उचलून शेकोटीपुढं टाकलं. 'ये माय. बस. पाय कर पुढं.' दगडाबाई दिवाणावरून उठली. खांब बघितले, फूल बघितलं, वरच्या फळीवरून हात फिरवला. मग आतल्या खोलीत गेली. युवराजला वाटलं शाल आणायला गेली.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात नारायणगडावरून आणलेली नगद नारायणाची तसबीर होती. पत्र्याच्या चौकटीतली, हाताएवढी. गावच्या घरात ती कोनाड्यात असायची, तिच्या अंगावर धुराचा थर चढलेला होता. इथं आली तेव्हापासून ती दगडाबाईच्या पिशवीत, लुगड्याच्या घडीत होती, कारण स्वयंपाकघरातला देव्हारा धनश्रीचा होता आणि तो भरलेला होता. कुणी तिला ठेवू नको म्हटलं नव्हतं. कुणी ठेव असंही म्हटलं नव्हतं. तिनं पदरानं काच पुसली, तसबीर वरच्या फळीवर मधोमध उभी केली, फूल तिच्यापुढं सरकवलं आणि हात जोडले. युवराजनंही जोडले. धनश्रीनंही जोडले. मग दगडाबाई बसकरावर बसली, आणि पाय गुडघ्यांत दुमडून, मोज्यांसकट, लुगड्याखाली घेऊन बसली. युवराज वाट बघत होता. ज्वाळा हलत होत्या, गरम वारा तिच्या गुडघ्यांना लागून दोन्ही बाजूंनी निघून जात होता. 'पाय पुढं कर की,' तो म्हणाला. तिनं त्याच्याकडं बघितलं, जणू त्यानं भलतंच काही सांगितलं. 'देवाकडं?' ती म्हणाली.

तो कपाळाला हात लावून दिवाणावर बसला. दिवसभर राबून त्यानं शेकोटी जोडली होती, आणि घरात उभा राहिला होता देव्हारा. आता बघताना त्यालाही दुसरं काही दिसेना. खांब, कमान, खाली दिवा, वर देव. त्या टकल्यांना हे कळायला हवं होतं की अशी रुंद फळी घरात आली की तिच्यावर देव बसणारच. 'मग तसबीर आपण त्या शोकेसवर ठेवू,' तो म्हणाला. 'बसल्याला देव उठवत न्हाईत,' दगडाबाई म्हणाली. 'आगं, आत्ताच बसलाय.' 'आत्ता बसला म्हनून काय झालं? उठ म्हनतोस का पाव्हण्याला आत्ता बसला म्हनून?' त्यानं धनश्रीकडं बघितलं. ती म्हणाली, 'अहो, मला विचारू नका. कुंकू लावून झालंय.' मोबाइल वाजला, आदिनाथ होता. 'शेकतीय का आई? पाय शेकतीय ना?' 'शेकतीय,' युवराज म्हणाला. व्हिडिओ त्यानं कमरेच्या वरचाच काढला.

पुढचे दिवस त्यानं सगळं करून बघितलं. ती बसायला यायच्या आधी तसबिरीवर रुमाल टाकला. तिनं येऊन रुमाल काढला, घडी केली आणि त्याच्या हातात दिली. बसकर एका अंगाला, तिरकं टाकून बघितलं. तिनं ते सरळ करून घेतलं. अर्जुनराव एका संध्याकाळी, शर्टाच्या प्रकरणावर पडदा टाकावा म्हणून बहुधा, घरी आले, दारात चपला काढल्या, शेकोटीला लांबून नमस्कार केला आणि म्हणाले, 'छान केलंय मंदिर.' युवराज हसला. दुसरं काय करणार? नियंत्रण कक्षात बसल्या बसल्या तो मनातल्या मनात आईशी भांडायचा. देवाला काय पायांचं वावडं आहे? तुझ्या पायाला गरम लागावं म्हणून घर हलवलं, शोकेस हलवली, आणि तू पाय पोटाशी घेऊन बसतेस. भांडता भांडता खिडकीशी कुणी गाडी विचारायला आलं की तो त्यांच्यावर खेकसायचा आणि मग स्वतःवर चिडायचा. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात येत होती आणि ती त्यानं आदिनाथलाही सांगितली नव्हती. आई रोज संध्याकाळी आपणहून तिथं येऊन बसत होती. एकदा ड्युटीवरून येऊन तो दारात बूट काढत होता तर आतून बोलणं ऐकू आलं. दगडाबाई जाळाकडं बघत, वरातीची वाट कशी चुकली ते धनश्रीला सांगत होती, आणि धनश्री पदर तोंडाला लावून हसत होती. तो एक बूट हातात घेऊन तसाच उभा राहिला. आत गेला तर ती थांबेल असं त्याला वाटलं. गेला, आणि ती थांबली. 'आलास का?' म्हणाली. त्याला धनश्रीचा चक्क हेवा वाटला. पण त्याबरोबर असंही वाटलं की जमलं. रुळली. आता ही संक्रांतीचं नाव काढणार नाही.

संक्रांत तोंडावर आली, तीळ-गुळाची पाकिटं घरात आली. युवराज आला तेव्हा दगडाबाई शेकोटीपुढंच होती, आणि तिनं त्याला हाक मारून बोलावलं. हे नवीन होतं. तो जवळ जाऊन उभा राहिला. 'युवराज, हे सुटतं का रं?' 'काय?' 'हेच. जोडलंस तसं सोडता येतं का?' 'येतं की. कावून?' 'मग सोड आन् खोक्यांत भर. संक्रांत झाली की मला आन् ह्याला गावाला न्हेऊन घाल.' युवराजला आधी नीट कळलंच नाही. 'कुणाला?' 'मला. आन् ह्या जाळाला. तुझं म्हननं बराबर व्हतं. गावाला गेले की मी जाळ करनार, आन् पाय जाळून घेनार. आता हा हाय की जाळ. धूर न्हाई, भाजत न्हाई. ह्यो आसल्यावर मी दुसरा कशाला पेटवू? तुझा घोर मिटला.' ती हे अगदी समजूत घातल्यासारखं, त्याच्या भल्याचं सांगितल्यासारखं बोलत होती. पाय जळण्याच्या भीतीवर त्यानं आईला इतके महिने धरून ठेवलं होतं, आणि ती भीतीच त्यानं स्वतःच्या हातानं, हाताला फोड आणून, नाहीशी केली होती.

'तिथं लाईट तरी आसती का?' तो म्हणाला. 'येती तवा बघीन. न्हाई तवा निजीन.' 'आन् पाय कशानं शेकशील? हितं शेकत न्हाईस ते तिथं शेकनार हायेस का?' 'पायाला काय कळतंय युवराज? शेकला काय आन् न शेकला काय. मला नुसता म्होरं जाळ लागतो. त्याच्याकडं बघितलं की बोलावं वाटतं, बास.' 'खोकी टाकून दिली.' 'पोत्यात भर.' 'एक स्क्रू फिरत न्हाई. अडकलाय.' 'फिरंल. हळू फिरव.' स्वयंपाकघरात धनश्रीच्या हातातलं लाटणं थांबल्याचं त्याला कळलं. त्यानं टेबलाच्या खणातून ती वाकडी चावी काढली, खरोखरच काढली, डाव्या खांबाशी उकिडवा बसला, पहिल्या स्क्रूत घातली, आणि त्याचा हात चालेना. तसबीर त्याच्या डोक्यावर होती, जाळ त्याच्या कानाशी तडतडत होता, आणि पाठीमागून आई सांगत होती, आधी देव काढू दे मला, मग फळी काढ.

'खड्ड्यात गेला तुझा पाय,' युवराज म्हणाला. मागं वळून न बघताच म्हणाला. 'मला पायाचं काही पडलेलं न्हाई. दिसभर मी लोकांच्या गाड्या सोडतो. घरी आल्यावर मला तू हितं दिसावीस. नको जाऊ म्हनतो तर पायासाठी म्हनत न्हाई मी. मला तू हितं पाहिजेस.'

 दगडाबाई बोलली, आणि तिच्या आवाजात माया वगैरे काही नव्हती, निव्वळ वैताग होता. 'मग आसं म्हनायचं की. आल्यापून बघते, पाय, पाय, पाय. डाक्टर आला की पाय, आदिनाथ बोलला की पाय. मला वाटलं, लेकाच्या डोक्याला दवाखान्याचा ताप झालाय, लाजंकाजं ठिवून घेतलंय मला. आपन निघालं म्हंजी त्यो मोकळा व्हईल.' 'ऱ्हातीस का मग?' 'ऱ्हाते. कोन जातंय?'

इतकं सहज. युवराजला रडू यायला हवं होतं, आला तो संताप. 'आन् तू?' तो वळून म्हणाला. 'तू कधी म्हनालीस का, मला ऱ्हायचंय म्हनून? मीच कावून म्हनायचं सगळं?' दगडाबाईनं तोंड ज्वाळांकडं वळवलं. 'तुला केजला वसतिगृहात सोडलं, त्या दिशी,' ती म्हणाली. 'तोडीला निघालेला टरक फाटकापाशी हुभा व्हता. तू पिशवी घिऊन खाली, मी वर, कोयत्यांवर बसलेली. तुझा बाप म्हनत व्हता, बघ कसं शहाणं पोरगं हाय, रडत सुदीक न्हाई. मी मातर कान दिऊन बसले व्हते. टरक हालला तरी कान दिऊन बसले. म्हनलं आता म्हनंल, माय, जाऊ नको.'

'उतरली आसतीस?'

'न्हाई,' ती म्हणाली. 'कशी उतरनार? टोळी थांबती का कुनासाठी? पर म्हनायला पाहिजे व्हतंस तू.'